एस्थर बाईंचा बाराचा तास

अकरावी कॉमर्सचे प्रवेश सुरू झाले, की नवीन पनवेलमधल्या त्या कॉलेजच्या ऑफिसातला क्लार्क निनाद खिडकीशेजारी एक जादा खुर्ची आणून ठेवायचा आणि मनातल्या मनात कपाळाला हात लावायचा. खुर्ची एस्थर बाईंची. तिथे बसायला त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पण बाई येऊन बसल्या, की रांग गोगलगायीच्या चालीने सरकायला लागायची, कारण फॉर्ममधल्या एका चौकोनापाशी बाई प्रत्येकाला अडवत.

त्या चौकोनात कॉमर्सच्या मुलांनी दोनांतला एक विषय निवडायचा असतो. एक गणित आणि दुसरा चिटणिसाची कार्यपद्धती. हे दुसरं नाव पुस्तकाच्या कव्हरखेरीज कुठे सापडत नाही, अख्खं पनवेल त्याला एस.पी. म्हणतं. दहावीपर्यंत गणित सक्तीचं असतं. इथे पहिल्यांदा मुलांना विचारलं जातं, हवंय का? आणि विचारल्यावर शंभरातली ऐंशी मुलं नको म्हणून मोकळी होतात. गणित सोडणाऱ्याचं वाटोळं होतं असं बाई कधीच म्हणत नसत. पण पुढे एखाद्याला स्टॅटिस्टिक्सकडे वळावंसं वाटलं, अर्थशास्त्रात खोल शिरावंसं वाटलं, कॉम्प्युटरचा एखादा कोर्स करावासा वाटला, तर तिथे पहिला प्रश्न येतो, बारावीला गणित होतं का? हे बाई प्रत्येकाला बजावत. वर, 'गणिताला घाबरायचं नसतं' हे पालुपद. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं. निनादला ते भाषण इतकं पाठ झालं होतं, की बाई पाणी प्यायला उठल्या तर मधली दोन वाक्यं तोच म्हणायचा.

बाईंचं पूर्ण नाव एस्थर सॉलोमन वाकरूळकर. आडनाव ऐकून नवा माणूस विचारायचा, कोकणातल्या का? बाई सांगायच्या, अगदी कोकणातल्या, फक्त ज्यू. मग समोरच्याचा गोंधळलेला चेहरा बघत बसायला त्यांना फार आवडे. राहायला खांदा कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर. नवरा सॉलोमन विमा कंपनीतून निवृत्त झालेला, शांत माणूस, घरात बोलण्याचं खातं त्याने लग्नानंतर बायकोकडे सोपवलं ते कायमचं. मुलगा यायर आणि मुलगी हदास दोघंही इस्रायलला. हदास दर आठवड्याला फोनवर विचारायची, आई, तिथे तुझ्यावाचून कुणाचं अडलंय? बाई म्हणायच्या, अकरावीचं.

बाई काही फार सोवळ्यातल्या नव्हत्या. पण आईने घालून दिलेले दोन नियम त्यांनी कधी मोडले नाहीत. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारचा दिवस मावळल्यापासून शनिवारचा मावळेपर्यंत, हातात पेन धरायचं नाही आणि वाहनात बसायचं नाही. कॉलेजने त्यांना शनिवारी तास लावले नाहीत, आणि त्याची फेड बाईंनी अशी केली, की रविवारचा जादा वर्ग, दिवाळीतलं पेपर तपासणं, कुणाची लग्नकार्यं निघाली की त्यांची परीक्षेतली सुपरव्हिजन, सगळं बिनबोभाट अंगावर घेतलं. कुणाचं मिंधं राहायचं नाही, हा त्यांचा खाक्या होता.

आणि त्यांच्या अभिमानाची एक खास जागा होती, ती म्हणजे बाराचा तास. कॉलेज सकाळचं. बाकीचे विषय बाराला संपत आणि एस.पी.ची मुलं घरी जात. गणिताचा तास त्यानंतर, बारा ते बारा चाळीस. हा तास बाईंनी रुजू झाल्या त्या वर्षी स्वतः मागून घेतला होता. मध्ये तास असला की रंगात आलेलं गणित घंटा तोडून टाकते. शेवटचा तास असला की गणित पुरं होईपर्यंत कुणी उठवायला येत नाही. या तासात कितीतरी मुलं तयार झाली. एक जण बँकेत जोखीम मोजायच्या खात्यात मोठ्या जागेवर होता, एक मुलगी संख्याशास्त्र शिकवत होती, ही नावं बाई विचारल्याशिवाय सांगत नसत, पण कुणीतरी विचारावं अशी व्यवस्था मात्र करत.

यंदाचं वर्ष बाईंचं नोकरीतलं शेवटचं. प्राचार्य मॅडमनी जुलैतच त्यांना केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं होतं, की अकरावीला गणिताची किमान वीस मुलं झाली नाहीत, तर बाई निवृत्त झाल्यावर संस्था ती जागा भरणार नाही. जागा गेली की विषय गेला, पुढच्या वर्षीपासून फॉर्मवर तो चौकोनच राहणार नाही, सगळ्यांना एस.पी.  त्या दिवशी घरी गेल्यावर बाईंनी सॉलोमनला जेवण वाढलं आणि स्वतः जेवल्या नाहीत. आपण गेल्यावर आपला फोटो लागावा असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पण आपल्यामागे तासच राहू नये, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

ऑगस्टमध्ये यादी लागली तेव्हा गणिताची सतरा नावं होती. विषय बदलून घ्यायची मुदत सोमवारी दुपारी दोनपर्यंत. शुक्रवारी बाई फॉर्मांचा गठ्ठा उपसत बसल्या आणि एका फॉर्मवर त्यांची नजर अडकली. वेणू नावाची मुलगी, खाडीकडच्या गावातली, याच आवारातल्या शाळेतून दहावी झालेली. गणितात त्र्याण्णव. खूण एस.पी.वर. नेमकी ती आली तेव्हा बाई खुर्चीवर नव्हत्या. त्यांनी वेणूला व्हरांड्यात गाठून विचारलं. वेणूने चपलेच्या अंगठ्याकडे बघत सांगितलं, आवडत नाय. बाईंनी आयुष्यात पुष्कळ थापा ऐकल्या होत्या, पण त्र्याण्णव मार्कांची इतकी लंगडी थाप त्यांच्या ऐकण्यात आली नव्हती. त्यांनी ते वाक्य ऐकलंच नाही असं करून ठरवलं, की ही पोर घाबरलीय, आणि घरच्यांशी बोललं पाहिजे.

रविवारी वेणूच्या घरचे सगळे उरणला हळदीला जाणार होते, हे मैत्रिणींकडून कळलं. आगरी घरातली हळद म्हणजे पहाटेपर्यंत कुणी हाती लागायचं नाही. सोमवारी उशीर झाला असता. उरला शनिवार. सॉलोमन म्हणाला, फोन कर. बाई म्हणाल्या, फोनवर माणसं हो हो म्हणतात. आणि शनिवारी सकाळी दहा वाजता सत्तावन्न वर्षांच्या एस्थर बाई खांदा कॉलनीतून पायी निघाल्या. पर्समध्ये पेन नव्हतं, कागद नव्हता. रिक्षावाले थांबून थांबून विचारत होते आणि बाई मान हलवत होत्या. गुडघे कुरकुरत होते ते वेगळंच. गावात पोहोचेपर्यंत सव्वाअकरा झाले.

वेणूचं घर नवं, दोन मजली, पण बैठक जुन्याच पद्धतीची, पुढल्या ओटीवर. वेणूचे आजोबा दाजी तिथेच बसले होते. दाजींचे वडील मिठागरावर राबले, दाजींनी जमीन गेल्यावर गाडी घेतली. त्यांची एक ईको होती आणि गावातल्या सात मुलींना शाळाकॉलेजात नेणं-आणणं हे काम ते नातवंडांच्या मायेने करत. बाई चालत आल्यात हे कळल्यावर दाजी उठून उभेच राहिले. त्यांनी विचारलं, रिक्षा नाय भेटली? बाईंनी शब्बाथचं सांगितलं. दाजींना त्याचं नवल वाटलं नाही. ते म्हणाले, तुमच्यातल्या पनवेलच्या तेल्यांचं ठाऊक हाय, माझा बापूस सांगायचा, शनवारी त्यांचा घाणा बंद. आजी भामा तांदळाची भाकरी आणि जवळा घेऊन बाहेर आली. बाईंनी भाकरी घेतली आणि आमच्यात जवळा चालत नाही म्हणून हात जोडले, तेव्हा भामाने आत जाऊन गूळ आणला.

खाणं झालं आणि बाईंनी भाषण सुरू केलं. गणिताला घाबरायचं नसतं, इथपासून. मुलींच्या मनात भीती कोण घालतं, ती कशी काढायची, आपल्या गावाकडच्या मुली कशातही कमी नाहीत. बोलता बोलता त्यांचा आवाज वर्गातला झाला. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. दाजी मान डोलवत होते. दाराच्या चौकटीला टेकून वेणू ऐकत होती. बाई तिसऱ्यांदा 'भीती' म्हणाल्या, तेव्हा ती बाहेर आली.

"बाई, मला गणिताची भीती नाय. मला गाडी चुकायची भीती हाय."

 वेणूने मग खाली मान घालून, पण न अडखळता सांगितलं. आजोबांची गाडी बाराला गेटवर येते. सात मुली एकदम बसतात. गणिताचा तास बाराला सुरू होतो. एकीसाठी सहा जणी थांबणार नाहीत, आणि गाडी गेली तर परतायला रोजची रिक्षा परवडणारी नाही. म्हणून या गावातली कुठलीच मुलगी गणित घेत नाही. गाडी नव्हती तेव्हा एसटी होती, ती सव्वाबाराला जायची. तिची आत्यासुद्धा त्या एसटीमुळेच एस.पी. शिकली. हे सगळ्या मुलींना ठाऊक होतं. कुणी बाईंना सांगितलं नाही, कारण बाईंनी कधी विचारलंच नाही, बाई नुसतं घाबरू नका म्हणत राहिल्या.

एस्थर बाईंना वाटलं, कुणीतरी आपल्याला भर वर्गात बाकावर उभं केलंय. खाडीकडच्या गावांतल्या सव्वीस वर्षांतल्या मुली त्यांच्या डोळ्यांसमोर आल्या, खाली मान घालून 'आवडत नाय' म्हणणाऱ्या. आणि तो बाराचा तास त्यांनी स्वतःच्या तोंडाने मागून घेतला होता, त्याची फुशारकी मारली होती. त्यांना लाज वाटली, आणि ती लपवायला त्यांनी पदराने चष्मा पुसला. मग म्हणाल्या, तास बदलून घेते. पण म्हणतानाच त्यांना कळत होतं, की यंदाचं वेळापत्रक पक्कं झालंय, दोन शिक्षक दुसऱ्या कॉलेजातून तासाला येतात, बारानंतरच खोली मोकळी होते. सोमवारपर्यंत काही हलणार नाही.

दाजी म्हणाले, मंग मी पन काय करू. बाराला पोरी आनतो, बारा वीसला गावात. लगेच बारकी पोरं भरायची, त्यांची दुपारची शाळा एकला भरते, ती तुमच्या कॉलेजाच्या गल्लीतच. पावनेएकला सोडतो. माझा जीव दोन फेऱ्यांत अडकलेला, तिसरी कुठून काढू?

बाईंचा हात सवयीने पर्सकडे गेला. अशा वेळी त्या कागदावर वेळा मांडत. बारावीच्या पुस्तकात कामांचा क्रम लावायचा धडा आहे, कुठलं काम आधी केलं तर कमी वेळ फुकट जातो ते काढायचा, आणि तो त्यांचा लाडका धडा. पण शनिवार होता. हात परत मांडीवर आला. त्यांनी वेणूकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की या मुलीचा चेहरा उत्तर माहीत असलेल्या मुलीचा आहे. असा चेहरा ओळखण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली होती, निदान त्यात तरी चूक होत नव्हती.

"मी आज लिहीत नाही," बाई म्हणाल्या. "तू तोंडी सांग."

वेणू आजोबांकडे बघेना. भामाने तिच्या पाठीवर हात ठेवला, तशी ती बोलायला लागली. आजोबा पावणेबाराच्या आधी गावातून निघतात, तेव्हा गाडी रिकामी. बाराला मुली भरून येतात. मग बारक्यांना भरून जातात. त्यांना सोडून परत येतात, तेव्हाही गाडी रिकामी. चार खेपांत दोन रिकाम्या. बारक्यांना आधी न्यायचं. बारा वीसला गावातून निघायचं, बारा चाळीसला त्यांना शाळेत सोडायचं, त्याच गल्लीत पुढे येऊन कॉलेजच्या गेटवर मुलींना घ्यायचं, एक वाजून पाच मिनिटांनी गाव. दोनच खेपा, दोन्ही भरलेल्या. आणि गणिताचा तास बारा चाळीसला संपतो.

बाईंनी सगळं मनातल्या मनात पडताळून बघितलं. एका मिनिटाची चूक नव्हती. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला, आणि या मुलीला आपण अजून एक अक्षरही शिकवलेलं नाही, याचा त्या अभिमानाला काडीचाही अडथळा झाला नाही.

दाजी मात्र हलले नाहीत. बारक्यांची फेरी दोन वर्षांपूर्वी गावाने गळ घातली म्हणून सुरू झाली, तेव्हा ती त्यांनी मुलींच्या फेरीमागे जोडून दिली, जशी गाडीला गाडी बांधावी तशी. पुन्हा कधी सोडून बघितली नाही. त्यांनी विचारलं, ज्या पोरींचं बाराला सुटतं त्यांनी पाऊण तास कुठं उभं राहायचं? रस्त्यावर आमच्या पोरी उभ्या रानार नाय. बाई म्हणाल्या, लायब्ररीत बसतील, चावी मी घेते. दाजी म्हणाले, बघू. आगरी माणसाचं 'बघू' हो की नाही, हे बाईंना पनवेलात जन्म काढूनही सांगता आलं नसतं. परतताना दाजी गाडी काढतो म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. मग ते स्वतः बाईंबरोबर गावाच्या वेशीपर्यंत चालत आले. 

सोमवारी बाराला घंटा झाली. गेटवर गाडी नव्हती. बाईंनी खिडकीतून बघून घेतलं आणि फळ्याकडे वळल्या. वर्गात सतरा मुलं होती, आणि मागच्या बाकावर नाव नसलेल्या पाच मुली, वेणू आणि तिच्या गाडीतल्या अकरावीच्या चौघी. गाडी आलीच नाहीये तर उन्हात उभं राहण्यापेक्षा वर्गात बसू, असं म्हणून त्या आल्या होत्या. बारावीच्या दोघी लायब्ररीत बसून बोटं मोडत होत्या. बाईंनी त्या दिवशी काय शिकवलं ते त्यांना नंतर आठवेना. गाडी नादुरुस्त झाली असेल, दाजी रागावले असतील, मुलींना रिक्षाने कसं धाडायचं, हेच डोक्यात चाललं होतं. बारा चाळीसला त्यांनी खडू ठेवला, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा गणित अर्धं सोडून.

बारा सेहेचाळीसला ईको गल्लीच्या तोंडाशी वळली. गाडीत एकही बारकं पोर नव्हतं, सगळी शाळेत पोहोचली होती. दाजींनी गाडी गेटशी लावली, पण मुलींना आत बसवलं नाही. उतरले, अंगातला सदरा नीट केला आणि सरळ ऑफिसात आले. निनादने विषय बदलायचा फॉर्म पुढे सरकवला. पालकाची सही हवी होती. दाजींनी सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली. त्यांच्यामागे तीन मुली आपापल्या घरी फोन लावून उभ्या होत्या; घरच्यांनी फोनवर होकार दिला आणि त्यांच्या फॉर्मवरही निनादने दाजींचीच सही घेतली. पाचवी म्हणाली, मला खरंच एस.पी.च आवडतं बाई. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लायब्ररीत पंख्याखालची जागा तिला देऊन टाकली. दीड वाजता गणिताच्या यादीत एकवीस नावं झाली.

निनादने आकडा मोठ्याने वाचला. एस्थर बाई आपल्या त्या खुर्चीत बसल्या होत्या आणि डोळे पुसायची त्यांना आज लाज वाटत नव्हती. दाजी निघता निघता त्यांच्यापाशी थांबले. बाहेर गाडीत वेणू पुढच्या सीटवर जाऊन बसली होती, तिच्याकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले,

"दोन वर्सं ही पोर माझ्या गाडीत मागं बसून सगलं बघत व्हती. मला अडानी म्हातारा म्हनायला नको म्हनून बोलली नाय. दोन वर्सं मी रिकामी गाडी फिरवली, बाई."

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला.

"दाजी, तुमची दोनच गेली," त्या म्हणाल्या. "माझी सव्वीस."